एका कान्याचे अंतर : पेंढारकर, पेंढरकर आणि आडनावात हरवलेली माणसे

१/
डोंबिवली पूर्वेला कल्याण-शीळ रस्त्यावर ‘विको नाका’ आहे. रिक्षाचालकापासून वाहतूक पोलिसापर्यंत सर्वांच्या तोंडी हे नाव असते. त्याच औद्योगिक परिसरात के. व्ही. पेंढरकर महाविद्यालय उभे आहे. ही दोन्ही नावे एकाच माणसापर्यंत जाऊन पोहोचतात, हे तेथून रोज जाणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. शिवाय ‘पेंढरकर’ हा शब्द ऐकताच एखाद्याला भालजींचे चित्रपट आठवतात, एखाद्याला संगीत नाटके, तर एखाद्याला शाळेत पाठ केलेली ‘आई’ ही कविता. या साऱ्यांना एकाच घराण्यात बसवून टाकण्याचा मोह स्वाभाविक आहे. हा धागा त्या मोहाविरुद्ध आहे.

२/
हा गोंधळ काही आपल्याच भाषेपुरता नाही. इटलीत ‘बेल्लिनी’ हे आडनाव असेच नांदते आहे. पंधराव्या शतकात व्हेनिस शहरात याकोपो बेल्लिनी नावाचा चित्रकार होता. त्याचे दोन पुत्र, जेंतीले आणि जोव्हान्नी, हेही चित्रकारच झाले. जेंतीले १४७९ मध्ये व्हेनिसच्या वतीने कॉन्स्टँटिनोपलला गेला आणि ते शहर जिंकणाऱ्या सुलतान दुसऱ्या मेहमदाचे व्यक्तिचित्र त्याच्या नावे आजही ओळखले जाते. जोव्हान्नी १५१६ मध्ये वारला. जोर्जोने आणि तित्सियान हे पुढच्या पिढीचे थोर चित्रकार त्याच्या परंपरेत वाढले. एका घरातल्या तिघांनी एका शहराच्या चित्रकलेला वळण लावले.

३/
त्यानंतर जवळपास तीन शतकांनी, १८०१ मध्ये, इटलीच्या दुसऱ्या टोकाला सिसिली बेटावरील कातानिया शहरात व्हिंचेंझो बेल्लिनी जन्मला. तो संगीतकार. ‘नोर्मा’ ही त्याची संगीतिका १८३१ मध्ये मिलानच्या ला स्काला रंगमंदिरात प्रथम सादर झाली आणि चारच वर्षांनी, चौतिसावे वर्षही पुरे होण्याआधी, तो निवर्तला. पुढे विसाव्या शतकात व्हेनिसच्या हॅरीज बारचा मालक जुझेप्पे चिप्रियानी याने पांढऱ्या पीच फळाचा गर आणि फसफसती प्रोसेक्को वाइन यांचे एक पेय तयार केले. त्याचा गुलाबी रंग पाहून त्याला जोव्हान्नीच्या चित्रातील रंग आठवला, असे सांगतात. पेयाचे नाव झाले ‘बेल्लिनी’.

४/
आता या मंडळींचे नाते तपासावे. बाप आणि दोन मुलगे हे रक्ताचे. संगीतकार त्या व्हेनिसच्या घरचा नव्हे. पेय तर केवळ रंगसाम्याने त्या घरात दत्तक गेलेले. याउलट आंद्रेआ मांतेन्या हा पादुआचा विख्यात चित्रकार. त्याचे आडनाव वेगळे, पण याकोपोची कन्या निकोलोझिया त्याची पत्नी, म्हणून तो त्या घरचा जावई. म्हणजे आडनाव एक असून नाते नाही आणि आडनाव निराळे असून नाते आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने हे उदाहरण ध्यानात ठेवून आपल्या गावाकडे परतावे, कारण डोंबिवलीतील त्या पाटीमागेही नेमकी हीच रचना दडलेली आहे.

५/
मराठी सांस्कृतिक इतिहासात ‘पेंढारकर’ वा ‘पेंढरकर’ या आडनावाची निदान सहा माणसे मोठी झाली. दोन चित्रपटातली, दोन संगीत रंगभूमीवरची, एक कवी आणि एक उद्योजक. गंमत अशी की, यांतील चौघांची पहिली नावेही एकमेकांत मिसळण्याजोगी आहेत. बाबूराव आणि बापूराव. भालचंद्र आणि पुन्हा भालचंद्र. एखाद्या नाटककाराने इतकी सारखी नावे योजली असती तर प्रेक्षकांनी त्याला माफ केले नसते. प्रत्यक्ष इतिहासाला मात्र अशी लाज नसते.

६/
पहिली जोडी कोल्हापूरची. बाबूराव पेंढारकर (१८९६–१९६७) आणि भालजी पेंढारकर (१८९८–१९९४) हे सख्खे भाऊ. बाबूरावांची कारकीर्द कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीपासून सुरू झाली आणि मूकपटांच्या काळातून बोलपटांत आली. खलनायक म्हणून त्यांचा दरारा होता. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६) आणि ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या व्ही. शांतारामांच्या चित्रपटांत ते होते. आचार्य अत्रे यांनी १९५४ मध्ये ‘महात्मा फुले’ हा चित्रपट काढला, तेव्हा जोतीरावांची भूमिका त्यांनी केली. राष्ट्रीय पुरस्कारांत त्या वर्षीचा उत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून त्याचा गौरव झाला.

७/
भालजींचे पूर्ण नाव भालचंद्र गोपाळ पेंढारकर. दिग्दर्शक, पटकथाकार आणि कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओचे धनी. ‘नेताजी पालकर’, ‘थोरातांची कमळा’, ‘छत्रपती शिवाजी’, ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’ ही नावे उच्चारली तरी मराठी ऐतिहासिक चित्रपटाची अर्धी वाट डोळ्यांसमोर येते. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या जाळपोळीत त्यांचा स्टुडिओ पेटवला गेला. त्या राखेतून ते पुन्हा उभे राहिले. १९९१ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती.

८/
दुसरी जोडी रंगभूमीवरची. हे सख्खे भाऊ नव्हेत, पितापुत्र. व्यंकटेश बळवंत ऊर्फ बापूराव पेंढारकर (१८९२–१९३७) हे गायक नट. केशवराव भोसले यांनी १९०८ मध्ये हुबळी येथे ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी स्थापन केली होती. १९२१ च्या जुलैत बालगंधर्वांसमवेत गाजलेला ‘संयुक्त मानापमान’ प्रयोग झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवरावांचे अकाली निधन झाले. मंडळी मोडणार, असे वाटण्याच्या त्या क्षणी बापूरावांनी ती खांद्यावर घेतली. मामा वरेरकरांची ‘सत्तेचे गुलाम’सारखी समकालीन सामाजिक विषयांची नाटके त्यांनी रंगमंचावर आणली.

९/
केशवराव गेले त्याच वर्षी, १९२१ च्या नोव्हेंबरात, बापूरावांच्या घरी पुत्र जन्मला. तो भालचंद्र व्यंकटेश पेंढारकर, नाट्यसृष्टीचे अण्णा (१९२१–२०१५). वडिलांच्या मृत्यूनंतर थांबलेली ‘ललितकलादर्श’ त्यांनी पुन्हा चालती केली. ‘दुरितांचे तिमिर जावो’, ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘जय जय गौरीशंकर’ ही त्यांच्या संस्थेची नाटके. याखेरीज त्यांचे एक काम इतिहासप्रेमींनी विशेष आदराने आठवावे असे आहे. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यगृहात होणाऱ्या असंख्य प्रयोगांचे त्यांनी ध्वनिमुद्रण करून ठेवले. नाटक संपताच हवेत विरणारा आवाज फितीवर राहिला, तो एका नटाच्या या चिकाटीमुळे.

१०/
आता गुंता पाहावा. एक भालचंद्र गोपाळ, दुसरे भालचंद्र व्यंकटेश. दोघेही पेंढारकर, दोघेही कलावंत, दोघेही दीर्घायुषी. एक बाबूराव, एक बापूराव. दोघेही नट, दोघांच्या जन्मात चारच वर्षांचे अंतर. ‘भालचंद्र पेंढारकर’ एवढेच लिहिले तर चित्रपटाचा पुरस्कार नाटकवाल्याच्या नावे आणि नाटकाची फीत चित्रपटवाल्याच्या नावे सहज जमा होते. संगणकाच्या शोधयंत्राला तर कोल्हापूर आणि हुबळी यांत काहीच भेद करता येत नाही. ते फक्त अक्षरे जुळवते. येथे एकच गोष्ट माणसाला वाचवते : मधले नाव. गोपाळ की व्यंकटेश, या एका शब्दावर दोन आयुष्ये वेगळी राहतात.

११/
पाचवे, कवी यशवंत. यशवंत दिनकर पेंढरकर (१८९९–१९८५), साताऱ्याकडच्या चाफळचे. रविकिरण मंडळातले प्रमुख कवी. बडोदे संस्थानाने त्यांना राजकवी केले, १९५० मध्ये मुंबईतील मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ‘आई’ या एका कवितेने ते घराघरांत पोहोचले. पण त्यांचे आडनाव विचारले तर अनेक वाचक थबकतात. कारण त्यांनी साहित्यात केवळ पहिले नाव वापरले आणि तेच टिकले. इतरांच्या बाबतीत आडनावाने माणूस गिळला. यशवंतांच्या बाबतीत नावाने आडनाव गिळले.

१२/
सहावे, डोंबिवलीच्या पाटीवरचे. केशव विष्णू पेंढरकर. त्यांनी १९५२ मध्ये मुंबईत एक छोटा उद्योग सुरू केला, आयुर्वेदिक दंतमंजनाचा. पाश्चात्त्य कंपन्यांची पांढरी टूथपेस्ट बाजार व्यापत असताना वनस्पतींची तपकिरी पूड विकणे हे धाडसच होते. औषधनिर्माणशास्त्र शिकलेले त्यांचे पुत्र गजानन पेंढरकर यांनी उद्योग वाढवला, आणि १९७५ मध्ये हळदीचे मलम बाजारात आले. पुढे डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना झाला आणि नाक्याला नाव मिळाले. दूरदर्शनवरील ‘ये जो है जिंदगी’ या मालिकेबरोबर आणि चित्रपटगृहांच्या मध्यंतरात या उत्पादनांच्या जाहिरातींची धून देशभर पोहोचली.

१३/
या उद्योगाच्या इतिहासात नावाचाच एक विलक्षण खटला आहे. दंतमंजन आणि हळदीचे मलम ही आयुर्वेदिक औषधे, असे कंपनीचे म्हणणे. ही सौंदर्यप्रसाधने, असे उत्पादनशुल्क खात्याचे म्हणणे. वस्तू तीच, डबी तीच. पण तिला कोणत्या नावाने हाक मारायची, यावर कराचा दर ठरणार होता. वाद वर्षानुवर्षे चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि कंपनीचे म्हणणे ग्राह्य ठरले. जाहिरातीच्या धुनेतही हाच आग्रह होता, हे आता लक्षात येते. नाव ही केवळ शोभेची गोष्ट नसते. नावाला किंमत असते, कधी कधी अगदी रुपये-पैशांत मोजता येणारी.

१४/
आता पहिल्या पाटीकडे परतावे. ‘विको’ हा शब्द इंग्रजी आद्याक्षरांचा आहे : विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी. आणि महाविद्यालयाच्या नावातील ‘के. व्ही.’ म्हणजे केशव विष्णू. म्हणजेच नाक्याच्या नावातला पहिला ‘व्ही’ आणि महाविद्यालयाच्या नावातला दुसरा ‘व्ही’ हे एकच ‘विष्णू’ आहेत. केशवरावांच्या वडिलांचे नाव दोन्ही पाट्यांवर लिहिलेले आहे, आणि दोन्हींवर ते वाचता येत नाही. दररोज हजारो विद्यार्थी त्या नाक्यावरून त्या महाविद्यालयात जातात. एका विष्णूपासून दुसऱ्या विष्णूपर्यंत. मधला दुवा कुणी उलगडून सांगितला, तरच तो प्रवास इतिहासाचा होतो.

१५/
येथे लेखनाचा एक सूक्ष्म प्रश्न येतो. चित्रपटातील बंधू आणि रंगभूमीवरील पितापुत्र यांचे आडनाव मराठीत ‘पेंढारकर’ असे लिहितात. विको आणि डोंबिवलीचे महाविद्यालय यांच्या संदर्भात बहुधा ‘पेंढरकर’. कवी यशवंतांच्या बाबतीत तर दोन्ही रूपे छापलेली आढळतात. रोमन लिपीत मात्र सगळे एकाच रांगेत उभे राहतात, कारण त्या लिपीला ‘ढ’ आणि ‘ढा’ यांतील फरक दाखवण्याची सवय नाही. म्हणजे ज्याला आपण एक आडनाव समजत होतो, ती कदाचित दोन आडनावे असतील. देवनागरीने जपलेले एका कान्याचे अंतर रोमन पाटीने पुसले.

१६/
आडनावाच्या व्युत्पत्तीचा मोह हा आणखी एक सापळा. ‘कर’ हा प्रत्यय गावाचे नाव सांगतो, एवढे सर्वांना ठाऊक असते. डोंबिवलीहून शीळ फाट्यामार्गे तळोज्याकडे गेले की नवी मुंबई मेट्रोचे पेंधर स्थानक लागते. रोमन लिपीत त्या नावापुढे ‘कर’ जोडले की आडनाव तयार. एखादा उत्साही तरुण लगेच सिद्धांत मांडेल की हे सारे कलावंत मूळचे पेंधरचे. पण देवनागरीत तेथे ‘ढ’ नसून ‘ध’ आहे, आणि केवळ ध्वनी जुळला म्हणून वंश जुळत नाही. कागद, वंशावळ, कुलवृत्तान्त, सातबारा यांतले काही हाती नसताना नकाशावर बोट ठेवणे म्हणजे इतिहास नव्हे, कोडे सोडवण्याचा खेळ.

१७/
उलट बाजूचे उदाहरण कोल्हापुरातच आहे. मास्टर विनायक, म्हणजे विनायक दामोदर कर्नाटकी, हे बाबूराव आणि भालजी यांचे सावत्र भाऊ. आडनाव वेगळे, घर एक. व्ही. शांताराम, म्हणजे शांताराम वणकुद्रे, हेही याच मंडळींच्या नात्यातले. मराठी चित्रपटाचा आरंभीचा इतिहास समजून घ्यायचा तर पेंढारकर, कर्नाटकी आणि वणकुद्रे ही तीन आडनावे एकत्र वाचावी लागतात. आडनावांच्या यादीवरून नाती शोधणारा अभ्यासक येथे फसतो : ज्यांना जोडायला नको त्यांना जोडतो आणि जे जोडलेलेच आहेत त्यांना तोडतो. पादुआच्या मांतेन्याची आठवण येथे व्हावी.

१८/
काही वेळा तर नाव मुद्दामच झाकलेले असते. भालजींच्या ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’ आणि ‘तांबडी माती’ या चित्रपटांचे संगीतकार म्हणून ‘आनंदघन’ हे नाव झळकले. ‘साधी माणसं’च्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला, आणि आनंदघन म्हणजे लता मंगेशकर हे सर्वांना कळले. गायिकेच्या कीर्तीखाली संगीतकार दबू नये, म्हणून आडनावाला बाजूला ठेवण्याची ही युक्ती होती, असे मानायला जागा आहे. त्याच कोल्हापुरात बाबूराव मेस्त्री हे चित्रकार आपल्या कामावरून ‘बाबूराव पेंटर’ झाले आणि त्याच नावाने इतिहासात राहिले. आडनाव म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. ते घेतले जाते, टाकले जाते, झाकले जाते.

१९/
आता ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या तीन शहरांची नाट्यगृहे पाहावीत. डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे. सावित्रीबाईंच्या जोडीदाराची, जोतीरावांची, भूमिका पडद्यावर बाबूराव पेंढारकरांनी केली. कल्याणमध्ये आचार्य अत्रे रंगमंदिर आहे. तो चित्रपट अत्र्यांचाच. ठाण्यात डॉ. काशीनाथ घाणेकर नाट्यगृह आहे. घाणेकर भालजींच्या ‘मराठा तितुका मेळवावा’त होते. तीन शहरांतील तीन रंगमंदिरे कोणत्या ना कोणत्या पेंढारकरांशी जोडलेली आहेत, आणि तीनपैकी एकाही ठिकाणी ते नाव पाटीवर नाही. ते नाव आहे महाविद्यालयावर, आणि तिथले पेंढरकर रंगभूमीचे नव्हेत.

२०/
यात कुणावर अन्याय झाला, असे म्हणायचे नाही. उद्योजकाच्या नावाने शिक्षणसंस्था उभी राहावी, हे योग्यच आहे. कामगारांच्या वसाहतीतून आलेल्या कित्येक घरांतील पहिला पदवीधर अशाच संस्थांतून बाहेर पडला. मुद्दा वेगळा आहे. नाव टिकते ते इमारतीने, वस्तूने आणि पैशाने. कर्तृत्वाने टिकतेच असे नाही. चित्रपटाची फीत जळते, नाटकाचा पडदा पडतो, पण डबी दर महिन्याला नवी विकत आणावी लागते. इटलीतही तेच. जोव्हान्नीचे चित्र पाहायला माणसाला चर्चमध्ये वा संग्रहालयात जावे लागते. पेय मात्र जगभरातल्या हॉटेलांत मिळते. पेल्यावर नाव उरते आणि चित्रकार विसरला जातो.

२१/
यावर आक्षेप असा येईल की, बोलण्यात नावे आखूड होणारच. ‘डॉ. काशीनाथ घाणेकर नाट्यगृहाला जायचे आहे’ असे रिक्षात बसून कुणी म्हणत नाही. ‘घाणेकर’ म्हटले की पुरते. ठाण्याचे राम गणेश गडकरी रंगायतन ‘गडकरी’ झाले. डोंबिवलीत ‘घरडा सर्कल’ हे एका रसायन कंपनीच्या नावाने रूढ झाले आणि त्या कंपनीच्या संस्थापकाचे, केकी घरडा यांचे, पहिले नाव मागे पडले. जिभेला सोपे ते टिकते, हा भाषेचा जुना नियम आहे आणि त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. आक्षेप रास्त आहे.

२२/
पण जीभ आणि पाटी यांची कामे वेगवेगळी आहेत. जिभेने आखूड करावे. पाटीने पूर्ण सांगावे. जीभ आजच्या माणसासाठी बोलते, पाटी पन्नास वर्षांनी येणाऱ्यासाठी उभी असते. आज ‘गडकरी’ म्हटल्यावर शाळकरी मुलाच्या मनात नाटककार येतो की मंत्री, हे सांगणे अवघड नाही. म्हणून सार्वजनिक पाटीवर तीन गोष्टी असाव्यात : पूर्ण नाव, जन्म-मृत्यूची वर्षे आणि कार्याची एक ओळ. ‘के. व्ही.’ऐवजी ‘केशव विष्णू’ लिहायला तीन अक्षरे अधिक लागतात. तेवढ्या रंगाचा खर्च कोणत्याही संस्थेला वा महापालिकेला जड जाणार नाही.

२३/
मराठी माणसाला हे विशेष सोपे आहे, कारण आपली नामपद्धतीच तीन पायऱ्यांची आहे : स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव, आडनाव. मधल्या नावाच्या प्रथेत पितृसत्ता आहे, आणि आज अनेक जण त्या जागी आईचे नाव लावतात. तो बदल स्वागतार्ह आहे. पण वडिलांचे असो वा आईचे, मधले नाव माणसाला एका विशिष्ट घराशी बांधते. बेल्लिनींना ही सोय नव्हती. आपल्याला आहे, आणि इंग्रजी आद्याक्षरांच्या हौसेपायी आपण ती हातची घालवली. ‘बी. व्ही.’ लिहिले की व्यंकटेश गेले, ‘बी. जी.’ लिहिले की गोपाळ गेले. मागे उरतात दोन ‘बी’, आणि पुन्हा तोच गोंधळ.

२४/
तरुण इतिहासप्रेमींनी यातून एक शिस्त घ्यावी. आडनाव दिसताच थांबावे. पूर्ण नाव शोधावे. जन्मवर्ष आणि गाव पडताळावे. मराठी लेखन मूळ छापील मजकुरात कसे आहे ते पाहावे. रोमन लिपीवरून उलटे मराठीकरण करू नये. आणि नाते सांगण्याआधी पुरावा मागावा, विशेषतः ते नाते सांगायला गोड वाटत असेल तेव्हा. आडनावावरून जात ओळखण्याची, गोत्र जुळवण्याची आणि अभिमान किंवा तिरस्कार वाटून घेण्याची सवय याच आळसातून येते. आडनावावरून इतिहास लिहिणे आणि आडनावावरून माणूस तोलणे, या एकाच रोगाच्या दोन अवस्था आहेत.

२५/
विको नाक्यावर सिग्नल लागतो. बसच्या खिडकीतून एखादी विद्यार्थिनी बाहेर पाहते, पाठीवर दप्तर, गळ्यात महाविद्यालयाचे ओळखपत्र. ओळखपत्रावर तिचे स्वतःचे नाव पूर्ण लिहिलेले असते, मधल्या नावासकट. तिची तिच्याच आडनावाच्या दुसऱ्या कुणाशी गल्लत होऊ नये, याची काळजी कार्यालयाने घेतलेली असते. ज्यांच्या नावाने ती संस्था उभी आहे, त्यांच्यासाठीही तेवढीच काळजी घेतली जावी. मग तिला कळेल की समोरच्या नाक्याचे नाव आणि आपल्या महाविद्यालयाचे नाव एकाच घरचे आहे, भालजी त्या घरचे नव्हेत, अण्णाही नव्हेत, आणि यशवंतांची कविता ही तिसऱ्याच घरची. सिग्नल सुटेपर्यंत एवढे समजायला वेळ पुरतो. फक्त पाटीवर ते लिहिलेले हवे.